बांबूचा कागद आणि जगावरील अरिष्टें

२०२२ सालच्या मार्च महिन्यांत श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतांतील शाळांच्या सत्रपरीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. रोगाची साथ नव्हती, पूर आला नव्हता, दंगाही झाला नव्हता. प्रश्नपत्रिका छापण्यास कागदच नव्हता, आणि तो परदेशांतून आणण्यास देशाच्या खजिन्यांत परकीय चलन उरलें नव्हतें. त्याच महिन्यांत तेथील कांहीं वर्तमानपत्रांनीं कागदाअभावीं आपल्या छापील आवृत्त्या स्थगित केल्या. ही वार्ता वाचली तेव्हां मी नोकरींतून निवृत्त झालों होतों. परंतु ज्याचें सारें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेलें, त्या शिक्षकास अशी वार्ता विसरतां येत नाहीं. मुलें लिहावयास बसलीं आहेत आणि त्यांच्यापुढें ठेवण्यास कागद नाहीं, याहून राष्ट्राची असहायता अधिक स्पष्ट ती कोणती?

मी राहतों तें बल्लारपूर गांव कागदामुळेंच दूरवर ओळखलें जातें. तेव्हां दूर कोठें युद्ध पेटलें, व्यापार थांबला, किंवा तेलाचे भाव चढले, म्हणजे आमच्यासारख्या अर्धविकसित देशावर काय प्रसंग येतो, आणि त्या प्रसंगीं शास्त्राचा व यंत्रविद्येचा आधार कितपत मिळतो, हें मी आज कागदाच्याच उदाहरणानें सांगणार आहें. धान्य, तेल, लोखंड यांच्या कथा मोठ्या आहेत. त्या सांगणारे विद्वानही पुष्कळ आहेत. कागदाची कथा लहान आहे, परंतु ती माझ्या उंबरठ्याशीं घडलेली आहे.

महाराष्ट्राला कागद नवा नाहीं. दौलताबादजवळील कागझीपुरा व पुणें प्रांतांतील जुन्नर येथें कागदी लोक चिंध्या, जुना ताग व दोरखंडें कुजवून, कुटून हातानें कागद करीत. पेशव्यांच्या दप्तरांतील रुमाल आजही वाचतां येतात, याचें श्रेय त्या टिकाऊ देशी कागदासही आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत यंत्राचा कागद आला. १८८५ सालीं पुण्याजवळ मुंढव्याची डेक्कन पेपर मिल निघाली. बंगाल्यांत टिटागढच्या व संयुक्त प्रांतांत लखनौच्या गिरण्या त्याच सुमाराच्या. ह्या गिरण्या चिंध्या आणि हिमालयाच्या पायथ्याचें सबाई गवत वापरीत.

परंतु याच काळांत युरोपांत मोठी क्रांति घडत होती. जर्मनींत केलर नांवाच्या गृहस्थानें १८४४ च्या सुमारास लांकूड दगडावर घांसून त्याचा लगदा करण्याची युक्ति काढली. पुढें लांकूड रसायनांत शिजवून त्यांतील तंतु मोकळे करण्याच्या रीती निघाल्या. डान्झिगच्या डाल नांवाच्या रसायनज्ञाची गंधकयुक्त सोड्याची रीत १८७९ सालची. नॉर्वे-स्वीडनच्या सूचिपर्णी अरण्यांतून लगद्याच्या गांठी जगभर जाऊं लागल्या. आमच्या गिरण्यांस देशी गवत गोळा करण्यापेक्षां समुद्रापलीकडचा लगदा बोटीनें आणणें स्वस्त पडूं लागलें. येणेंप्रमाणें तयार कागदही परका, आणि देशांत होणारा पुष्कळसा कागदही परक्या लगद्याचा, अशी आमची स्थिति झाली. शांततेच्या काळांत ही व्यवस्था कोणास खटकली नाहीं. छपराचें भोंक पाऊस येईपर्यंत कोणास दिसतें?

तो पाऊस १९१४ सालीं आला. जर्मनी व ऑस्ट्रिया शत्रुपक्षांत गेल्यामुळें तेथील माल बंद झाला. उत्तर समुद्रांतील जहाजें बुडूं लागलीं. जें येई त्याचें भाडें दुणावलें. ज्या युद्धाशीं आमच्या खेड्यांतील पंतोजींचा व पोरांचा कांहीं संबंध नव्हता, त्यानें त्यांच्या वह्या महाग केल्या. सुक्याबरोबर ओलें जळतें म्हणतात, तें असें. तेव्हां सरकारच्या व कारखानदारांच्या मनांत प्रथमच हा प्रश्न गंभीरपणें उभा राहिला, कीं या विस्तीर्ण देशांत कागदास योग्य असें कांहीं उगवतच नाहीं काय?

उत्तर तर डोळ्यांसमोर डोलत होतें. वेळू, ज्यास आपण आतां बांबू म्हणतों. तो गवताच्याच कुळांतील आहे. त्याचे तंतु लांब आहेत. तो कापला तरी त्याच कंदांतून पुन्हां कोंब फुटतात. सूचिपर्णी वृक्ष तोडीस येण्यास कित्येक दशकें लागतात, तर बांबूची काठी तीन-चार वर्षांत पक्व होते. ही कल्पना नवी नव्हती. विलायतेंतील टॉमस राउटलेज नांवाच्या कागद-कारखानदारानें १८७५ सालींच बांबू हा कागदाचा कच्चा माल होऊं शकेल असें पुस्तिका लिहून प्रतिपादिलें होतें. ह्याच राउटलेजनें स्पेन व उत्तर आफ्रिकेतील एस्पार्टो गवतापासून कागद करून दाखविला होता. त्यामुळें त्याचा शब्द पोकळ नव्हता. तरीही बांबूचा कागद चालू होण्यास पुढें जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. तीं कां लागलीं हें समजून घेण्याजोगें आहे, कारण शास्त्राचें खरें कार्य तेथेंच आहे.

राउटलेजला कोंवळा बांबू हवा होता, कारण पक्व बांबू त्या काळच्या रीतीनें नीट शिजत नसे. परंतु कोंवळे कोंब कापले म्हणजे बेटाचा जीवच जातो; कंदास अन्न पुरविणारीं पानेंच त्यास मिळत नाहींत. आमच्या रानांतील कोणत्याही गोंडाला हें ठाऊक होतें. विलायतेंतील कारखानदाराला ठाऊक नव्हतें. उलट पक्व बांबू घ्यावा तर दोन अडचणी. एक त्याच्या पेरांची. कांडें शिजून मऊ होई, पण पेर तसेंच कडक राही, आणि कागदावर त्याचे ठिपके उमटत. दुसरी अडचण अशी कीं, बांबूंत पिष्ट व चिकट द्रव्यें पुष्कळ असतात. तीं आणि काष्ठद्रव्य एकाच कढईंत एकदम शिजविलीं म्हणजे सोडा फार खर्च होई, लगदा काळपट पडे, आणि तो पांढरा करण्यास आणखी रसायनें लागत. सारा हिशेब तोट्यांत जाई.

ह्या दोन गांठी सोडविण्याचें काम मुख्यतः डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत झालें. ही संस्था १९०६ सालची. तेथें विल्यम रेट नांवाच्या तज्ज्ञानें बांबू व गवतें यांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले. त्यांचें फलित त्यानें १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्याची युक्ति सांगावयास सोपी आहे. बांबू नुसता तोडावयाचा नाहीं, रुळांखालीं चिरडावयाचा. म्हणजे पेरेंही फुटतात व द्रावण आंत शिरतें. आणि शिजविणें दोन पायऱ्यांनीं करावयाचें. पहिल्यानें, एकदां वापरून सौम्य झालेल्या द्रावणांत पिष्ट व चिकट द्रव्यें काढून टाकावयाचीं. मग ताज्या तीव्र द्रावणांत काष्ठद्रव्य विरघळवावयाचें. आपल्या घरींही डाळ आणि भाजी एकाच वेळीं एकाच पातेल्यांत टाकणारी सुगरण कोणी नसते. ज्याला जितकी आंच हवी, तितकीच ती देते. हाच विवेक रेटनें कढईस शिकविला. शिवाय शिजविल्यावर उरणारें काळें द्रावण आटवून जाळलें, म्हणजे त्यांतील सोडा बराचसा परत हातीं येतो व उष्णताही मिळते. ज्या देशास सोडा बाहेरून आणावा लागतो, त्यास ही शेवटची गोष्ट केवढी मोलाची आहे, हें सांगावयास नको.

प्रयोगशाळेंत सिद्ध झालेली गोष्ट बाजारांत टिकेलच असें नाहीं. महायुद्ध संपतांच परका कागद पुन्हां स्वस्त होऊन येऊं लागला, आणि नव्या उद्योगाचा श्वास कोंडूं लागला. चौकशी होऊन १९२५ सालीं बांबू-कागद-उद्योग-संरक्षण कायदा झाला व परदेशी लिहिण्याच्या आणि बहुतेक छपाईच्या कागदावर रत्तलास एक आणा जकात बसली. कायद्याच्या नांवांतच बांबू होता. पण गंमत अशी झाली कीं, कांहीं गिरण्यांनीं जकातीचा लाभ घेतला, आणि लगदा मात्र पूर्ववत् परदेशांतूनच आणिला. हें ध्यानांत आल्यावर १९३२ सालीं परक्या लगद्यावरही टनास ४५ रुपये जकात बसविण्यांत आली. तेव्हां कोठें गिरण्यांनीं बांबूकडे मनापासून पाहिलें. संरक्षण दिलें म्हणजे उद्योग आपोआप स्वावलंबी होतो, ही समजूत किती भाबडी आहे, हें या सात वर्षांच्या अनुभवावरून दिसतें. मदत कोणत्या गोष्टीसाठीं आहे, हें पाहणारा कोणी असावा लागतो.

श्रोतेहो, १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि १९४० च्या एप्रिलमध्यें जर्मन फौजा नॉर्वेंत शिरल्या, तेव्हां उत्तर युरोपाच्या लगद्याची वाट एका फटक्यासरशी बंद झाली. १९१४ सालचा प्रसंग पुन्हां आला होता. परंतु मधल्या पंचवीस वर्षांत देश अगदींच स्वस्थ बसला नव्हता. बांबू व गवत यांवर चालणाऱ्या गिरण्या आतां कामांत होत्या. टंचाई झाली नाहीं असें मी म्हणत नाहीं. ती भयंकर झाली. १९४२ सालच्या नियंत्रणानें गिरण्यांच्या कागदाचा फार मोठा वांटा सरकारी कामासाठीं राखला गेला, आणि शाळा, ग्रंथकार व मासिकें यांच्या वांट्यास उरलासुरला आला. त्या काळचीं मासिकें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस तीं कृश अंगाचीं, पिंवळट पानें आठवतील. पण रेशनच्या शिधापत्रिका छापल्या गेल्या, टपाल चाललें, पाठ्यपुस्तकें थोडीं कां होईनात निघालीं. देशी बांबूचा आधार नसता तर तेवढेंही झालें नसतें.

त्याच वेळीं आमच्या शेजारीं, वर्ध्याच्या मगनवाडींत, निराळा प्रयोग चालू होता. महात्माजींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघांत, कुमारप्पांच्या देखरेखीखालीं, हातकागदाची जुनी विद्या सुधारून शिकविली जात होती. १९४० सालीं पुण्यासही हातकागदाची संस्था निघाली. गिरणी श्रेष्ठ कीं हातकागद श्रेष्ठ, यावर त्या काळीं पुष्कळ वाद झाले. मला वाटतें, अरिष्टाच्या दिवशीं दोन्ही उपयोगी पडतात. ज्याच्या घरीं विहीर आणि नळ दोन्ही आहेत, तो एक आटला म्हणून तहानेनें मरत नाहीं.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. बल्लारपूर हें वर्धा नदीच्या कांठचें गांव. चांद्याच्या पूर्वीं गोंड राजांची राजधानी येथें होती; किल्ल्याचे अवशेष अद्याप उभे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें दगडी कोळशाची खाण चालू झाली, वर्ध्याकडून रेल्वे आली, आणि १९२९ सालीं काझीपेठेकडचा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ताच आमच्या बल्हारशाह स्टेशनावरून जाऊं लागला. पूर्वेस आलापल्ली-अहेरीपर्यंत बांबूचें रान. कागदाच्या कारखान्यास पाणी, कोळसा, रेल्वे व कच्चा माल लागतो; हीं चारही एका जागीं क्वचितच भेटतात. युद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, लाला करमचंद थापर यांनीं बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापिली, ती ह्याच जागेचा लाभ पाहून. युद्धाच्या टंचाईनें जो धडा दिला होता, त्यांतून निघालेलें हें एक फळ होय.

दुसरें फळ आमच्याच जुन्या मध्यप्रांताच्या दुसऱ्या टोकास, बऱ्हाणपुराजवळ नेपानगर येथें लागलें. १९२५ च्या कायद्यानें वर्तमानपत्राचा हलका कागद जकातींतून वगळला होता. त्यामुळें तो कोणी देशांत करीना. परिणामीं पत्रें पूर्णपणें परावलंबी राहिलीं. १९४७ सालीं नेपाची कंपनी स्थापन झाली, पुढें सरकारनें ती हातीं घेतली, आणि १९५५ सालीं तेथें वर्तमानपत्राचा देशी कागद निघूं लागला. त्यासाठीं सालईचें लांकूड व बांबू वापरण्यांत आला. जिचा डिंक औषधाला व धुपाला जातो, तीच ही सालई. इमारतीस निकामी म्हणून तिला कोणी विचारीत नसे. एकीकडे १९५० सालीं कोरियाचें युद्ध पेटून जगांत कागदाचे भाव भडकले होते; अशा वेळीं ‘निकामी’ झाडांतून पत्राचा कागद निघणें ही लहान गोष्ट नव्हती. तथापि देशाची भूक मोठी होती आणि नेपाचा घांस लहान. परदेशी कागद पुढेंही येतच राहिला.

हा सर्व इतिहास मी पुस्तकांतून शिकलों. परंतु पुढचा भाग मीं स्वतः पाहिलेला आहे. १९७३ च्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध झालें व तेलाचा भाव तीन महिन्यांत सुमारें चौपट झाला. मी तेव्हां शाळेंत होतों, दोन वर्षांनीं मॅट्रिकला बसावयाचा होतों. त्या वर्षीं आमच्या वर्गांत वह्या मिळेनात. दुकानदार एक वही देई, तीही ओळखीनें. आम्ही पहिल्यानें पेन्सिलीनें लिहीत असूं, आणि वही भरली म्हणजे त्याच ओळींवर शाईनें लिहीत असूं. मोठे विद्यार्थी पुन्हां पाट्या घेऊन बसले. आणि हें कोठें? तर ज्या गांवांत दिवसांतून तीनदां पेपर मिलचा भोंगा होई, ज्या गांवाच्या वाऱ्यालाच शिजत्या बांबूचा वास येई, त्या गांवांत! मीं गुरुजींना विचारलें होतें, “गुरुजी, आपल्या गांवांत एवढा कागद होतो, मग आपल्यालाच वही कां नाहीं?” गुरुजी हंसले आणि म्हणाले, “तूं मोठा झाल्यावर शोध घे.”

तो शोध मीं यथाशक्ति घेतला. कागद देशांत होत होता, ही गोष्ट खरी. पण कागदास लागणारीं रसायनें, वीज व वाहतूक हीं सारीं तेलाबरोबर महाग झालीं. परदेशांतून येणारा कागद कमी झाल्यामुळें देशी कागदास जिकडून तिकडून गिऱ्हाईक आलें. आणि माल नेहमी अधिक पैसे देणाऱ्याकडे वाहतो. शाळेंतलें मूल कधींच अधिक पैसे देणारें नसतें. तेव्हां १९७४ सालीं सरकारनें गिरण्यांवर निर्बंध घातला कीं, उत्पादनाचा ठराविक भाग पांढरा छपाईचा कागद म्हणून काढावा व तो पाठ्यपुस्तकांना व वह्यांना सवलतीच्या दरानें द्यावा. त्या सवलतीच्या कागदाच्या वह्या आम्हांला मिळाल्या. मीं मॅट्रिकचा अभ्यास त्यांवरच केला. तेव्हांपासून माझ्या मनांत एक गोष्ट पक्की झाली आहे. शास्त्र अरिष्टांतही माल निर्माण करूं शकतें. पण तो माल दुबळ्याच्या हातीं पोंचविणें हें शास्त्राचें काम नव्हे, तें राज्याचें व समाजाचें काम आहे. पहिलें असून दुसरें नसेल, तर कागदाच्या गांवांतही मूल पाटीवरच लिहील.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. पुढें मी शिक्षक झालों आणि रानालगतच्या एका खेड्यांतील शाळेवर गेलों. तेथें माझ्या वर्गांत बुरडाचा एक मुलगा होता. त्याचे वडील सूप, टोपल्या, ताटवे विणीत. शेतकऱ्याची कणगी त्यांच्या हातची. एके दिवशीं मुलगा शाळेंत आला नाहीं म्हणून मी घरीं गेलों, तर घरांत काम बंद. विणावयास बांबू नव्हता. परवान्यासाठीं त्यांस तालुक्याच्या गांवीं खेपा घालाव्या लागत होत्या. ते मला म्हणाले, “गुरुजी, रानातला बांबू गाड्याच्या गाड्या भरून जाते, अन् मले दहा काड्या आणाले परवाना लागते. पोरगा लिहीन कायच्यावर, तं त्या बांबूच्या कागदावर. मंग माह्या हाताले काय?” मी निरुत्तर झालों. त्यांच्या बोलण्यांत कागदाचा द्वेष नव्हता. त्यांनीं तर मुलाला शाळेंत घातलें होतें. त्यांचा प्रश्न हिशेबाचा होता. जें रान देशाला अरिष्टांतून तारतें, त्या रानांत राहणाऱ्यानेंच त्याचें मोल कां भरावें?

ह्या प्रश्नाला उत्तर मिळण्यास फार काळ लागला. निस्ताराचे हक्क जुने होते, पण बांबू कायद्याच्या भाषेंत ‘झाड’ होता, गवत नव्हे. त्यामुळें तो तोडण्याचा व नेण्याचा अधिकार सरकारी खात्याचा. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. १९८२ सालीं चंद्रपुराहून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू रस्त्यानें नेण्याचा परवाना कोणी द्यावा, हा वाद उरलाच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्र्यांसह त्या गांवीं आले, आणि वाहतुकीच्या परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यांत आलें. पुढें २०१७ सालीं वनाबाहेरील बांबूस ‘झाड’ ह्या व्याख्येंतून काढण्यांत आलें. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यास प्रथमपासून गवत म्हणत होते, त्यास कायद्यानें गवत म्हणावयास इतकीं वर्षें लागलीं. तो बुरड बांधव हें पाहण्यास नव्हता. त्याचा मुलगा आज दुसऱ्या गांवीं नोकरींत आहे.

याचा संबंध अरिष्टाशीं काय, असें कोणी विचारील. संबंध निकट आहे. रान ज्यांचें नाहीं, ते तें राखीत नाहींत. आणि रान राहिलें नाहीं, तर रेटची दोन पायऱ्यांची कढई कोणत्या कामाची? कारखान्यांनाही पुढें बांबू पुरेनासा झाला, आणि ते निलगिरी, सुबाभूळ अशा लागवडीच्या लांकडांकडे वळले. तमिळनाडूंत तर १९७९ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कंपनीनें उसाच्या चिपाडापासून कागद काढून दाखविला. शास्त्राचा मार्ग असाच एका कच्च्या मालावरून दुसऱ्यावर जातो. परंतु प्रत्येक वेळीं तो माल पिकविणारा कोणी माणूस असतो, आणि त्याच्या संतोषावर सारा डोलारा उभा असतो.

जिच्या नांवांत आमच्या गांवाचें नांव आहे त्या मूळ कंपनीचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. १९७५ सालीं तिचें नांव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालें. ती मोठी झाली. २००७ सालीं तिनें मलेशियांत लगद्याचा कारखाना विकत घेतला. पुढें कर्जाचा भार असह्य होऊन २०२० सालीं ती दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें आली, आणि २०२३ सालीं नव्या मालकांची योजना मंजूर झाली. ह्या काळांत कामगारांच्या घरांत जी चिंता होती, ती मीं शेजारीपाजारीं पाहिली आहे. युद्धें आणि तेलाचीं अरिष्टें सोसून उभा राहिलेला उद्योग कर्जानें वांकूं शकतो. यंत्र उत्तम, कारागीर कुशल. पण हिशेबाची वही बिघडली तर त्या दोघांनाही तरणोपाय नाहीं.

आतां आरंभींच्या श्रीलंकेकडे पुन्हां वळतों. आपणांस वाटेल कीं, त्या बेटावर कागद करण्याची विद्याच नव्हती. तसें नाहीं. तेथें वाळैच्चेनै येथें १९५६ सालापासून कागदाचा कारखाना होता, आणि तो भाताच्या पेंढ्यापासून कागद करीत असे. आमच्या चांदा-भंडाऱ्याच्या धानाच्या मुलखाला हेवा वाटावा, अशी ती गोष्ट! पण यादवी युद्धाच्या व पुढच्या दुर्लक्षाच्या काळांत त्या कारखान्याची दुर्दशा झाली; बाहेरचा कागद स्वस्त होता, म्हणून कोणास त्याची उणीव भासली नाहीं. मग २०२२ साल आलें. विद्या हें असें धन आहे कीं, तें पेटींत ठेवून टिकत नाहीं. रोज वापरलें तरच राहतें. ज्या वर्षीं गरज नसते, त्या वर्षींही तें जतन करावें लागतें, आणि त्याचा खर्च सुखाच्या दिवसांत उधळेपणा वाटतो. १९१४ पूर्वीं बांबूवर प्रयोग करणाऱ्यांनाही लोक हेंच म्हणत असतील.

आमच्या जिल्ह्यांत चिचपल्ली येथें २०१४ सालीं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालें. तेथें रानालगतच्या गांवचीं मुलेंमुली बांबूचें काम शिकतात. बुरडाची कामटी आणि डेहराडूनची प्रयोगशाळा यांची गांठ अशा ठिकाणीं पडावी, असें मला मनापासून वाटतें. बांबू कोणत्या ऋतूंत तोडावा, कोंब कां राखावा, हें ज्याच्या आज्यास ठाऊक होतें, त्याच्या नातवाला तंतूची लांबी व सोड्याचें प्रमाणही कळलें, तर ह्या दोन विद्या एकमेकींना परक्या राहणार नाहींत. राउटलेजपासून रेटपर्यंत जीं पन्नास वर्षें गेलीं, त्यांतलीं कांहीं तरी त्या दोन विद्यांची भेट न झाल्यामुळें गेलीं.

श्रोतेहो, जगावर पुढेंही अरिष्टें येतील. तीं कोणत्या दिशेनें येतील, हें माझ्यासारख्या शाळामास्तरानें सांगूं नये. पण आलीं म्हणजे तीं एक साधी परीक्षा घेतात. तुमच्या मातींत काय उगवतें, त्याचें काय करावयाचें हें तुम्हांस येतें काय, आणि जें केलें तें सर्वांत दुबळ्याच्या हातीं पोंचतें काय? तीन प्रश्नांची ही प्रश्नपत्रिका आहे. आमच्या देशानें पहिले दोन प्रश्न बऱ्यापैकीं सोडविले आहेत. तिसऱ्याचें उत्तर अद्याप अपुरें आहे. आज संध्याकाळीं आपल्या घरांतील मुलानें अभ्यासाची वही उघडली, म्हणजे तिच्या कोऱ्या पानाकडे क्षणभर पाहावें, आणि त्यामागें कोणाचें रान, कोणाची बुद्धि व कोणाचे हात आहेत, हें त्याला सांगावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.